चुन्याची फुली

"ताई, हितं नगं. पुलाचा पाय खाली किती पसरलाय, ठावं हाय का?" बोअर मारायच्या यंत्रावरचे, म्हणजे रिगवरचे मामा म्हणाले आणि मी मारलेली चुन्याची फुली त्यांनी पायाने पुसली.

सांगलीचा आयर्विन पूल, 1929 सालचा. त्याच्याशेजारी बोअर घेऊन माती-खडक तपासायचं माझं पहिलंच काम. वर दिसणाऱ्या खांबापासून दोन मीटर मोजून मी जागा ठरवली होती. दगडी खांबाचा पाया जमिनीखाली पायरी-पायरीने रुंदावतो, हे वाचलेलं ऐन वेळी आठवलं नाही. फुली लांब सरकली.

नियोजन म्हणजे बोअर किती आणि किती खोल, एवढंच मला वाटायचं. सरांचा पहिला प्रश्न वेगळाच होता : "वरून पाणी सोडलं तर रिग पात्रातून किती वेळात निघेल?" कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45, हे सांगलीत पोरंही सांगतात. माझ्या आराखड्यात मात्र रिग बाहेर काढायची वाटच नव्हती. मी गोंधळले. 2016 साली महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात माणसांसकट गेला, तेव्हा मी शाळेत होते. ती रात्र आठवली आणि आराखडा पुन्हा लिहायला बसले.

यंत्र लावण्याआधी दीड मीटर हाताने खणायचं ठरलं. कमरेएवढ्या खड्ड्यात पहार खणकन वाजली. हातांनी माती सारली, तर बिडाची जुनी पाइप, कुठल्याच नकाशात नसलेली. यंत्राने ती फुटली असती, तर पाणी पुलाच्या पायाखालची माती घेऊन गेलं असतं. मला घाम फुटला. फुली पुन्हा हलली.

एसपीटीत, म्हणजे बोअरमध्ये नळी ठोकून ठोके मोजायच्या चाचणीत, 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून पडतो, जमीन हादरतेच. म्हणून कमानीच्या जुन्या भेगेवर आम्ही काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवली, शेजारी तारीख लिहिली. काच तडकली, तर काम तिथंच थांबवायचं.

ठोके सुरू झाले. मामा मोठ्याने मोजत होते. माझी नजर काचेवर. "बावीस!" हातोडा थांबला. मी जवळ जाऊन काचेवरून बोट फिरवलं. अखंड होती. मग वहीत आकडा लिहिला.