निम्मं गाव, तीन डेसिबल

शाळेत एकं, दहं, शतं, हजार म्हणताना मुलं एक सूर धरतात. दशहजार, लक्ष, दशलक्ष, कोटी. जीभ एकसारख्या चालीने पुढच्या घरात जाते आणि दर घराला संख्या दसपट होते. डेसिबल समजायला याहून जास्त काही लागत नाही. दहंला दहा डेसिबल, शतंला वीस, हजाराला तीस, लक्षाला पन्नास, कोटीला सत्तर. घरांच्या मधे तीनातीनाने चालायचं: तीन डेसिबल वाढले की शक्ती जवळपास दुप्पट, सहाला चौपट, नऊला आठपट. सत्तेचाळीस हवे असतील तर पन्नासातून तीन काढा, म्हणजे लाखाचे निम्मे, पन्नास हजार पट. गुणाकाराचं काम बेरजेने भागतं. स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने 1614 साली लॉगरिदमची कोष्टकं छापली ती याच सोयीसाठी. पुढे टेलिफोनच्या तारेत आवाज किती विरतो हे सांगायला बेल कंपनीच्या अभियंत्यांनी 1920च्या दशकात ग्रॅहम बेलच्या नावाने बेल हे माप आणलं. त्याचा दहावा भाग तो डेसिबल. युरोपात काही काळ नेपियरच्या नावाचा नेपर चालला. एक नेपर म्हणजे सुमारे 8.69 डेसिबल.

आमच्या बीड जिल्ह्यात हा शब्द आला तो मिरवणुकांच्या मागोमाग. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल अशी मर्यादा आहे. डीजेच्या भिंतीसमोर मीटरने 105 दाखवले, तर वाचणाऱ्याला ते दुपटीहूनही कमी वाटतात. पन्नासचा फरक आहे तो, लक्षाचं घर! लाखपट शक्ती त्या गल्लीत, त्या पत्र्याच्या घरांवर आदळत असते. कान स्वतःच दसपटीला साधारण दुप्पट समजतो, म्हणून माणूस तग धरतो आणि म्हणूनच फसतो. कानाच्या आरोग्याचा एक प्रचलित हिशेब आहे: 85 डेसिबल आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. शंभरला उरतात पंधरा मिनिटं. भिंतीपुढे तासन् तास नाचणाऱ्या पोरांना हे कुणीतरी एकं दहंच्या भाषेत सांगावं, असं मला फार वाटतं. दंडाच्या पावतीने ते कळत नाही.

अशी फसगत फक्त आवाजाच्या मापात होत नाही. 29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून लोक झोपले आणि 30च्या पहाटे चारच्या सुमारास शेजारच्या लातूर जिल्ह्यातलं किल्लारी कोसळलं. त्या भूकंपाची तीव्रता कुणी 6.2 लिहितो, कुणी 6.4. दशांश चिन्हानंतरचा तो किरकोळ फरक पाहून आपण पुढे जातो. पण भूकंपाच्या मापात एक अंक चढला की ऊर्जा सुमारे बत्तीसपट होते, 0.2 म्हणजे जवळपास दुप्पट. डेसिबलमध्ये सांगायचं तर तीन. ज्या रात्रीत हजारो माणसं गेली, तिची ऊर्जा एवढी की तेवढी, हा प्रश्न त्या दोन दशांशांत दडलेला आहे.

हेच तीन डेसिबल मला सर्वांत जास्त छळतात ते दसरा-दिवाळीनंतर. पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूरकडच्या वाड्या-तांड्यांवरून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. समजा, निम्मं गाव गेलं. बोलणारे, हाका मारणारे, भांडणारे निम्मे झाले. मीटर किती उतरेल? फक्त तीन. एवढा फरक कानाला जेमतेम जाणवतो. म्हातारीला मात्र घरातली एकेक रिकामी जागा ठाऊक असते. कोयता घेऊन नवरा-बायकोची जोडी गेली, मागे नातवंडं उरली. हे माप शक्ती मोजतं, कुणाचा आवाज गेला ते मोजत नाही. म्हणून डेसिबल खोटं ठरत नाही. त्याला काय विचारायचं हे आपण ठरवायला हवं.

त्याच म्हातारीच्या हातातल्या फोनमध्येही डेसिबल आहे, फक्त उणे. तिथे शून्य म्हणजे एक मिलिवॉट. या मापाला डीबीएम म्हणतात. सिग्नल उणे शंभर असेल तर एकं दहं उलट्या दिशेने उतरायचं: मिलिवॉटचा हजार कोटीवा भाग. एवढ्याशा शक्तीवर उसाच्या फडावरून लेकीचा आवाज येतो, आगाऊ घेतलेली उचल किती फिटली, पोरगं शाळेत जातं का, सगळं कळतं. बालाघाटच्या कपारीत उणे 115 पर्यंत घसरलेला सिग्नल टेकाडावर चढल्यावर उणे 105ला आला, तर पोहोचणारी शक्ती दसपट झालेली असते. नातू फोन उंच धरून टेकाडाकडे पळतो आणि आजीला वरूनच हाक मारतो, "आज्ये, लवकर ये, लागला!"