निळा ठिपका
भोसरीच्या कारखान्यातल्या बोनसातून अब्बांनी 2001 साली कोडॅक केबी-10 आणला. रीळ 36 फोटोंचं. दादी एरवी ‘तस्वीर नक्को!’ म्हणत पदर तोंडावर ओढायची. त्या ईदला मात्र आपणहून खुर्चीवर येऊन बसली. पण शेवटचा फोटो मी आदल्याच दिवशी मोशीला, इंद्रायणीकाठच्या खंड्यावर उडवला होता. रीळ धुऊन आलं तर फांदीवर नुसता निळा ठिपका. तसल्या ठरीव फोकसच्या लेन्सला लांबचा पक्षी कुठला सापडायला!

पुढच्या ईदला दादी नव्हती.

आता माझे विद्यार्थी मोबाईलवर शंभर खंडे टिपतात, नव्वद पुसतात. परवा अल्बम पाहताना एकीने विचारलं, ‘सर, ये क्या है?’

‘किलकिला,’ मी म्हटलं. दादीचं काही सांगितलं नाही.