धनी वेगळा होता

साठ-सत्तरच्या दशकांत नगरच्या ख्रिस्ती घरात वाढलेली आम्ही चुलत-आते भावंडं जमलो, की बोलणं हटकून जुन्या घराच्या ओटीवर येतं. ओटीच्या भिंतीवर एक पाटी होती, ख्रिस्तच या घराचा धनी आहे असं सांगणारी. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. त्यांचा शब्द मोडायची घरात कुणाची छाती नव्हती. पण संध्याकाळच्या प्रार्थनेत तेही त्या पाटीखाली बसून दिवसाचा हिशेब द्यायचे. कुणावर उगाच आवाज चढवला, कुणाचे पैसे द्यायचे राहिले, सगळं आमच्यादेखत. ज्या माणसाला आम्ही भीत होतो त्यालाही कुणाला तरी जाब द्यावा लागतो, याचं आम्हा पोरांना फार नवल वाटे.

देवाचं राज्य म्हणजे मेल्यावर गाठायचं गाव, असं त्या घरात कुणी शिकवलं नाही. ते नळावर आणि चुलीपाशी यायला हवं होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी ह्यूम मेमोरियल चर्चमध्ये प्रभुभोजन असे. आदल्या रात्री घरात कपड्यांना इस्त्री, बुटांना पॉलिश आणि भांडणांचा निकाल. आई आणि काकूंचा पाण्यावरून किंवा रॉकेलवरून अबोला असला, तर तो शनिवारी सुटलाच पाहिजे. नाहीतर दोघींनी भाकर-प्याल्याला हात लावायचा नाही, हा आजीचा कायदा. आणि प्रभुभोजन न घेता बसून राहिलं तर सगळ्या मंडळीच्या डोळ्यांत येणार. काका एका शनिवारी रात्री जेवण अर्ध्यावर टाकून सायकलवरून भिंगारला गेले. उसन्या पैशांवरून ज्याच्याशी वाजलं होतं, त्याच्या दारात. तो ख्रिस्ती नव्हता, त्याला प्रभुभोजनाचं काही माहीत नव्हतं. काकांनी त्याला काय सांगितलं असेल, यावर आम्ही अजून तर्क करतो.

पण त्या घराचं सगळ्यात जास्त आठवतं ते मुठीचं. भाकरीचं पीठ परातीत घेण्याआधी एक मूठ पत्र्याच्या डब्यात पडायची, ती देवाची. रविवारी डबा मंडळीत नेऊन रिकामा करायचा. १९७२ साली पाऊस गेला आणि ज्वारी दिसेनाशी झाली. रेशनवर मिलो मिळायचा, लाल, परदेशातून आलेला. त्याची भाकरी थापता थापता तुटायची आणि घशाखाली उतरत नसे. आई एक दिवस दबक्या आवाजात म्हणाली, “सासूबाई, पाऊस पडेपर्यंत मूठ राहू द्यायची का?” आजी म्हणाली, “मूठ लहान कर गं, बंद करू नको.”

त्या वर्षी डबा चर्चपर्यंत गेलाच नाही. पाळकसाहेबांना सांगून आजी तो परस्पर दुष्काळी कामावर नेऊ लागली. रस्त्याच्या कडेला बायका खडी फोडत, पोरं सुकडीच्या वाटपाची वाट बघत बसलेली. आजी आमच्यापैकी एकाला बरोबर घ्यायची, ज्या घरात बाळंतीण असेल तिथे डबा पालथा करायची आणि लगेच निघायची. प्रार्थना नाही, पत्रक नाही. एकेकाळी बायबलबाई म्हणून गावोगाव फिरलेली ही बाई तिथे एक शब्द बोलत नसे. भुकेल्या माणसाला आधी ऐकवायचं आणि मग वाढायचं, हे तिला पटत नव्हतं. आम्हालाही तेच बरोबर वाटतं, आजही.

आजोबा अशा वेळी रेव्हरंड टिळकांचा दाखला देत. नारायण वामन टिळक नगरात बरीच वर्षं राहिले, पण आजोबांना ओढ होती ती त्यांच्या अखेरच्या साताऱ्यातल्या दिवसांची. १९१७ साली टिळकांनी तिथे ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांत टिळक गेले. आजोबांच्या मते तो दरबार नंतर घराघरांत भरायला हवा होता.

आमच्या घरात तो पुरता भरला, असं म्हणवत नाही. लग्नं जुळवायची वेळ आली, की चर्चमध्ये एकाच बाकावर बसणारी माणसं हळूच पूर्वीची जात विचारत. बाप्तिस्म्याला दोन-तीन पिढ्या उलटल्या होत्या, तरी विचारत. आमच्या थोरल्या आत्याच्या स्थळाच्या वेळी आमच्याच घरातल्या वडीलधाऱ्यांनी हा प्रश्न काढला. आजी तेव्हा आपल्या आईबद्दल बोलली. पणजी १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आलेली पोर, केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. तिला आईबाप आठवत नव्हते, जात कुठून आठवणार? “माझ्या आईची जात शोधून आणा,” आजी म्हणाली, “मग पोरीच्या स्थळाची विचारा.”

ओटीवर कुणी बोललं नाही. आजोबांनी त्याच आठवड्यात होकाराचं पत्र टाकलं. लग्नाला दोन काका आले नाहीत. आत्याचे यजमान पुढे कितीतरी वर्षं त्या दोघांच्या घरी नाताळचा फराळ स्वतः पोचवत राहिले.