मशीन चावती



बोलीचे नमुने टिपण्यासाठी मी एक वही सदैव जवळ बाळगतो. एप्रिल 2022 मधील तिच्या एका पानावर ‘मशीन चावती’ असे दोनच शब्द आहेत. सिल्लोडच्या आमच्या सदनिकेत कपडे धुताना माझ्या आईने ते उच्चारले होते. प्रमाण मराठीत नपुंसकलिंगी असलेले ‘मशीन’ तिच्या तोंडी स्त्रीलिंगी झाले होते. शिवाय चप्पल चावते तशी मशीनही चावते! मी नोंदीपुढे ‘लक्षणा’ असे लिहिले आणि वही मिटली.

घरातील यंत्रांच्या बाबतीत मी निष्काळजी होतो, असे नाही. आमच्याकडे कूपनलिकेचे पाणी जड. गिझरच्या कॉइलवर क्षारांचा पांढरा थर बसतो. तो मी दरवर्षी काढवून घेत असे. फ्रिजच्या दाराचे रबरही पुसत असे. जे डोळ्यांना दिसते, त्याची निगा माणूस हौसेने राखतो.

आठ दिवसांनी आई रबरी चपला घालून यंत्रापाशी उभी दिसली. विचारले तर म्हणाली, “वल्या हाताला झिणझिण्या येत्यात. तुला सांगितलं व्हतं की.”

त्याच संध्याकाळी वायरमनला बोलावले. त्याने दिव्याची एक वायर फेजला व दुसरी न्यूट्रलला लावली. दिवा लख्ख पेटला. दुसरी वायर अर्थिंगला लावताच मात्र तो पेटेना. “सर, ही जाड पिन निस्ती शोभेची हाय,” तो म्हणाला. त्रिपिनी प्लगमधील ती पिन लांब असते, म्हणून ती सर्वांत आधी जोडली जाते व सर्वांत शेवटी सुटते. यंत्राच्या पत्र्यात उतरलेला प्रवाह तिच्यावाटे जमिनीत जावा, ही योजना. ती वाटच तुटलेली असेल, तर प्रवाह स्पर्श करणाऱ्याच्या देहातून वाट काढू पाहतो. आपल्या घरातील पुरवठा 230 व्होल्टचा असतो, हे येथे आठवावे.

दोष आमच्या घरात नव्हता. खाली वाहनतळात अर्थिंगचा खड्डा असतो. त्यात कोळसा व मीठ भरलेले असते आणि ओल टिकली तरच तो नीट काम करतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्यात पाणी ओतावे लागते. आमच्या इमारतीत त्यावर फरशी बसवलेली होती आणि खालची जोडपट्टी गंजून तुटली होती. बारा सदनिकांचा तो एकच खड्डा. परंतु लिफ्ट आणि टाकी यांवर तासन् तास वाद घालणाऱ्या आमच्या बैठकीत त्याचे नाव कधी निघाले नव्हते. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “आमचा फ्रिजही चावतो, पण आम्ही चप्पल घालूनच उघडतो.” म्हणजे वाक्य घरोघरी बोलले जात होते, ऐकणारा कोणी नव्हता. माझी तर ऐकण्याचीच नोकरी.

फरशी फोडून नवा खड्डा केला. प्रत्येक सदनिकेत गळतीचा प्रवाह 30 मिलिअँपियरपर्यंत जाताच पुरवठा तोडणारा स्विच बसवला. तुम्ही संसार सांभाळून शिकता. आपल्या घरचा असा स्विच आणि ती जाड पिन एकदा जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या. स्वतः उघडू नका.

‘लक्षणा’ हा शब्द मी खोडला आणि ‘अभिधा’ असे लिहिले. खड्ड्यात पाणी ओतण्याचे काम आता माझ्याकडे आहे. मार्च लागला की आई विचारते, “बादली वतली का रे?”