मजल आणि मुक्काम

लांबच्या प्रवासासाठी आपल्या भाषेत ‘मजल दरमजल’ असा शब्दप्रयोग आहे. मजल म्हणजे एका दमात कापण्याजोगा टप्पा, आणि त्या टप्प्याच्या शेवटी येणारा मुक्कामही. पुण्या-साताऱ्याकडून बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे येऊन स्थिरावलेल्या घराण्यांच्या जुन्या कागदांत कूच आणि मुक्काम हे शब्द जोडीने येतात. वाट किती लांब, हे मुक्कामांच्या संख्येवरून कळत असे. आम्हां उभयतांना हे सारे नव्याने आठवले, ते आमच्या कन्येने एका संध्याकाळी पुढ्यात ठेवलेल्या तक्त्यामुळे. बडोद्याहून बेळगाव आणि बेळगावहून परत बडोदे असा मोटारसायकलवरून करावयाच्या प्रवासाचा तो तक्ता होता. पहिले हजार मैल चोवीस तासांच्या आत पुरे करावयाचे होते.

हे खूळ मूळचे अमेरिकेतले. तेथे ‘आयर्न बट असोसिएशन’ नावाची संस्था आहे. नावाचे सभ्य मराठी करावयाचे तर ‘पोलादी बैठक मंडळ’ म्हणावे लागेल. १९८४ मध्ये ‘आयर्न बट रॅली’ ही स्पर्धा प्रथम झाली. अकरा दिवसांत सुमारे अकरा हजार मैल, असे आज तिचे स्वरूप आहे. नवख्यांसाठी पहिली पायरी म्हणजे चोवीस तासांत हजार मैल, म्हणजे १,६०९ किलोमीटर. तिचे नाव ‘सॅडलसोर’, अर्थात खोगिराने पडलेली जखम. घोडा गेला, पण खोगीर भाषेत राहिले. पुराव्यादाखल निघताना व पोहोचताना साक्षीदाराची सही लागते, आणि वाटेतल्या प्रत्येक पेट्रोल पंपाची तारीख, वेळ व ठिकाण असलेली पावती जपावी लागते. आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेलेल्या आम्हांला त्यातला पावत्यांचा भाग तेवढा लगेच पटला.

पण अंकगणित मांडल्यावर त्या खुळातली शिस्तही दिसू लागली. १,६०९ ला २४ ने भागले तर ताशी ६७ किलोमीटर येतात. पेट्रोल, जेवण व विसावा यांत चार तास गेले असे धरले तरी चालत्या गाडीची सरासरी ताशी ८० च्या आसपास पडते. आजच्या महामार्गावर हा काही भरधाव वेग नव्हे. वेग वाढवून फारसे हाती लागत नाही. प्रत्येक थांब्यावर रेंगाळलेली दहा-दहा मिनिटे मात्र दिवसअखेर तास-दीड तास खातात. जाणकार स्वार नवख्यांना सांगतात तेही हेच : वेगाचा मोह सोडा, पाणी पीत राहा, हलके खा, आणि झोप आली की थांबा. बाकावर किंवा गाडीशेजारी जमिनीवर घेतलेल्या झोपेला त्यांनी कौतुकाने ‘आयर्न बट मोटेल’ असे नाव दिले आहे.

रस्त्यांचाही यात मोठा वाटा आहे. १९१४ मध्ये अर्विन बेकर याने सॅन दिएगो ते न्यूयॉर्क हे सुमारे ३,४०० मैलांचे अंतर ‘इंडियन’ मोटारसायकलवरून साडेअकरा दिवसांत तोडले, आणि तो मोठा विक्रम ठरला. दिवसाला तीनशे मैलही पडले नाहीत, कारण वाट बहुतांशी मातीची होती. आज अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर पन्नास तासांत जाणाऱ्यांनाही प्रमाणपत्र मिळते. आपल्याकडे ५,८४६ किलोमीटरचा सुवर्ण चतुष्कोन २०१२ मध्ये पुरा झाला. बडोदे आणि बेळगाव ही दोन्ही गावे त्यावरच आहेत. सुरत, ठाणे, पुणे, सातारा, कोल्हापूर करीत बेळगाव साधारण ८८० किलोमीटर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव असल्याने तेथे जुन्या रस्त्याने घाट चढावा लागतो.

आमची चिंता रस्त्याची नव्हती. घोड्यावरच्या स्वाराला एक संरक्षण होते : घोडा त्याच्याआधी थकत असे. थकलेला घोडा माणसाला सक्तीने मुक्काम करावयास लावी. ज्यांना तेवढी सवड नव्हती, त्यांनी घोडा बदलण्याची युक्ती काढली. अमेरिकेत १८६०-६१ मध्ये चाललेली ‘पोनी एक्सप्रेस’ ही डाक सुमारे १,९०० मैल दहा दिवसांत नेत असे. पण दर दहा-पंधरा मैलांवर घोडा बदले आणि पाऊणशे-शंभर मैलांनी स्वारही बदले. मोटारसायकल थकत नाही. पेट्रोल घातले की ती पहाटेइतक्याच उत्साहाने मध्यरात्रीही निघते. तेव्हा घोड्याच्या वाट्याचे थकणेही स्वारानेच ओळखावे लागते, आणि थकव्याने पहिल्यांदा बोथट होते ती हे ओळखणारी बुद्धीच.

१९९७ साली ‘नेचर’मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या संशोधकांनी दाखविले की, सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असल्यासारखे वागतात. आपल्या कायद्याने वाहनचालकासाठी घातलेली मर्यादा ०.०३ टक्के आहे. मद्य फुंकून ओळखता येते. झोप ओळखणारी नळी नाक्यावरच्या शिपायाजवळ नसते. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळजवळ नव्वद मीटर रस्ता चालकाविना गेला.

हे सारे आम्ही कन्येपुढे मांडले. तिने शांतपणे तक्त्याचा शेवटचा रकाना दाखविला. त्याचे शीर्षक होते, ‘येथे सोडता येईल’. कोल्हापूर – आत्या. सातारा – काका. पुणे – मावशी. मनोर – महामार्गावरील हॉटेल, दूरध्वनी क्रमांकासह. गणगोत वाटेवर विखुरलेले असण्याचा असा उपयोग होईल, हे कधी आमच्या मनात आले नव्हते. शिवाय ती एकटी जाणार नव्हती. मैत्रीण आपल्या गाडीवर सोबत होती. पेशवाईत पत्रे घेऊन जाणाऱ्या जासुदांचीही जोडीच धाडीत. आम्ही साक्षीदार म्हणून सही केली.

डिसेंबरात पहाटे साडेतीनला दोघी निघाल्या. दुपारी साडेचारला बेळगावहून फोन आला. तेथे चाळीस मिनिटे पडून त्या परतल्या. रात्री साडेबाराला पुन्हा फोन वाजला तेव्हा आम्ही जागेच होतो. त्या मनोरला होत्या. सुमारे १,४४० किलोमीटर झाले होते, १७० उरले होते आणि हातात तीन तास होते. मैत्रिणीने मागून पाहिले होते की पुढच्या गाडीची रेघ सरळ राहत नाही. थांबून विचारले, तर मागचा पूल कधी गेला, हे आमच्या मुलीला सांगता येईना. ‘आई, आम्ही इथे झोपतोय,’ एवढेच ती बोलली. दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला दोघी घरी आल्या.

पुढे आठवडाभर जो भेटेल तो हळहळे, ‘अरेरे, एवढ्याशासाठी राहिलं!’ हळहळ मायेचीच होती. पण आम्हांला त्या एवढ्याशाचीच धास्ती वाटते. पहिल्या शंभर किलोमीटरांत कोणी डोळे मिटीत नाही. मुक्काम टाळावासा वाटतो तो घर जवळ आल्यावरच, आणि त्यात घरच्यांचाही हातभार लागतो. आपल्या घराघरांतून परगावच्या मुलांना रात्री फोन जातो, ‘किती वाजता पोहोचतोस?’ स्वयंपाक झाकून ठेवलेला असतो, आजी जागी असते. तिकडे रस्त्यावरचा मुलगा मनातल्या मनात अर्धा तास वाचवू लागतो. हा प्रश्न एक हजार मैलांच्या स्वाराला जितका जड, तितकाच सुरतेहून गाडी हाकीत येणाऱ्या जावयालाही. जुन्या काळी पोहोचल्यावर खुशालीचे पत्र येई. तोवर वाट पाहणाऱ्यांची अधीरता प्रवाशाच्या कानापर्यंत जात नसे, आणि त्यामुळे त्याची घाईही वाढत नसे. आता आम्ही फोनवर ‘पुढे कुठे थांबणार?’ एवढेच विचारतो.

येत्या हिवाळ्यात दोघी पुन्हा निघणार आहेत. बेळगावचा विसावा चाळीस मिनिटांवरून दीड तासावर गेला आहे, आणि तेवढा वेळ चहाच्या थांब्यांतून कापला आहे. शेवटचा रकाना जागच्या जागी आहे. त्यात मनोरच्या खाली आता वापीचेही नाव लिहिले आहे.