प्रत्यय आधी, अर्थ नंतर

वनस्पतींचे वर्गीकरण शिकणाऱ्याने आता लॅटिन कशाला शिकायचे, हा प्रश्न माझ्या वर्गात हमखास निघतो. प्रश्न रास्त आहे. १ जानेवारी २०१२ पासून नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनऐवजी इंग्रजीत दिले तरी चालते. त्याआधी, १९३५ पासून, सोबत लॅटिन वर्णन नसेल तर नव्या जातीचे नाव ग्राह्य धरले जात नसे. म्हणजे लिहिण्याची सक्ती गेली. वाचण्याची गरज मात्र तशीच आहे. सह्याद्रीतल्या एखाद्या झुडपाचे नाव नेमके कशाला दिले होते याबद्दल शंका आली, की त्याच्या पहिल्या वर्णनापर्यंत मागे जावे लागते, आणि ते बहुतेक वेळा लॅटिनमध्येच असते. तिथे दुसऱ्याच्या अनुवादावर विसंबले तर निर्णयही त्याचाच होतो. म्हणून मी लॅटिन शिकवते, आणि व्याकरणापासूनच शिकवते.

पुष्कळ जण शब्दांची यादी पाठ करून येतात. फोलियम म्हणजे पान, फ्लोस म्हणजे फूल, राडिक्स म्हणजे मूळ. एवढ्या भांडवलावर ते वर्णनाला भिडतात आणि अर्थ अंदाजाने जुळवतात. सोप्या वर्णनात हे निभावतेही. पण दोन जातींची तुलना आली की अंदाज कोसळतो, कारण कोणता शब्द कोणाचा हे लॅटिनमध्ये शब्दाच्या जागेवरून कळत नाही, त्याच्या शेवटावरून कळते. माझ्या वर्गातला पहिला नियम म्हणून एवढाच: शब्द दिसला की आधी त्याचा शेवट बघायचा. अर्थ नंतर.

मराठी माणसाला हे जड जाऊ नये. पांढरा गुलाब, पांढरी जाई, पांढरे कमळ हे आपण शाळेत जाण्याआधीपासून बोलतो. लॅटिनमध्येही लिंगे तीनच, आणि विशेषण नामामागे तसेच बदलते: आल्बुस, आल्बा, आल्बुम. आपल्याकडे पांढरा बदलतो पण लाल बदलत नाही, तशी तिथेही विशेषणांची घराणी आहेत. विरिदिस, म्हणजे हिरवा, पुल्लिंगात आणि स्त्रीलिंगात एकच राहतो, नपुंसकलिंगात विरिदे होतो. बिकोलोर, म्हणजे दुरंगी, प्रथमेत तिन्ही लिंगांत तोच. सगळे शिक्षण इंग्रजीतून झालेली मुले इथे अडखळतात आणि घरात मराठी बोलणारी सहज पुढे जातात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

अडचण आहे ती लिंग ओळखण्यात. पिंपळ म्हणजे फायकस रिलिजिओसा. प्रजातीच्या नावाचा शेवट पुल्लिंगी दिसतो, मग विशेषण रिलिजिओसस का नाही? रोमन लोक झाडांना स्त्रीलिंगी मानत. त्यांचे अंजिराचे झाड, ओक, पाइन ही सगळी शेवटी ‘उस’ लावूनही स्त्रीलिंगी. वनस्पतिशास्त्राने ती परंपरा जपली, म्हणून उंबर फायकस रेसिमोसा आणि चिंच टॅमरिंडस इंडिका. आता फणस बघा. वड, पिंपळ, उंबर आणि फणस एकाच कुळातले. पण फणसाचे नाव आर्टोकार्पस हेटरोफायलस, चक्क पुल्लिंगी. कारण ‘कार्पस’ हा मूळ ग्रीक शब्द, आणि तो शेवटी असलेली सर्व प्रजातिनामे पुल्लिंगी धरावीत असे नामकरणाचे नियम सांगतात. उलट बाजूने अरिसिमा, आपला सापकांदा. नावाच्या शेवटी ‘आ’, म्हणून नवखा विद्यार्थी बिनदिक्कत स्त्रीलिंग धरतो. ते नपुंसकलिंगी आहे, म्हणून तर सह्याद्रीतल्या एका जातीचे नाव अरिसिमा सह्याद्रिकम असे आहे. ज्यांचे संस्कृत झाले आहे त्यांना मी नामन् आठवायला सांगते. हा ग्रीक ‘मा’ त्याच नपुंसकलिंगी गोतावळ्यातला.

भारंगीवर मी नेहमी थोडा जास्त वेळ घेते. कोकणात पावसाळ्याच्या सुरुवातीला तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते, त्यामुळे झाड बहुतेकांच्या ओळखीचे असते. तिचे पान हातात घेतले की कडेला करवतीसारखे दाते दिसतात. त्या दात्यांवरून लिनियसने तिला नाव दिले व्होल्कामेरिया सेराटा. पुढे ती क्लेरोडेंड्रम प्रजातीत गेली. क्लेरोडेंड्रम नपुंसकलिंगी, म्हणून सेराटाचे सेराटम झाले. १९९८ मध्ये तिला रोथेका प्रजातीत नेले आणि विशेषण पुन्हा सेराटा झाले. झाड तेच, दाते तेच. ज्याला हा बदल व्याकरणाचा आहे हे कळत नाही, तो सेराटा आणि सेराटम या दोन वेगळ्या जाती समजून टिपण करतो. कारवीचेही तसेच. जुन्या पुस्तकांत आणि हर्बेरियममधल्या जुन्या चिठ्ठ्यांवर स्ट्रोबिलॅन्थेस कॅलोसस आढळते, नव्या पुस्तकांत कॅलोसा. ‘अँथेस’ने संपणारी ही प्रजातिनामे स्त्रीलिंगी धरायची असे ठरले, म्हणून शेवट बदलला. झाडाबद्दलचे मत कोणाचेच बदलले नव्हते.

माणसांच्या नावांना षष्ठी लागते. मरे यांचा तो मुर्रायी, सांतापाव यांचा तो सांतापावी. पण क्लोरोफायटम भरुचे या नावात प्राध्यापक भरुचा यांच्या नावाला स्त्रीलिंगी वाटणारा प्रत्यय लागलेला आहे. तो लिंगामुळे लागलेला नाही. नाव ‘आ’ने संपते म्हणून ते पहिल्या गणात, म्हणजे नामे चालवण्याच्या पहिल्या साच्यात, जाते, जसे लॅटिनमधले आग्रिकोला, शेतकरी, आणि नाउता, खलाशी. दोन्ही पुरुष, आणि दोन्ही पहिल्या गणात. त्याच प्रजातीत क्लोरोफायटम बोरिविलियानम आहे, म्हणजे सफेद मुसळी. तिथे मुंबईच्या बोरिवलीचे विशेषण झाले आणि क्लोरोफायटमसाठी नपुंसकलिंगी शेवट घेऊन उभे राहिले. लोकलच्या पाटीवर रोज दिसणारे नाव असे रूप बदलून आलेले पाहिले की वर्गातल्या लोकांची भीड चेपते.

यानंतर खरी चढण लागते: तिसरा गण. पहिल्या दोन गणांत शब्दाचे मूळ अंग प्रथमेतही दिसते. तिसऱ्यात ते लपते. फ्लोस म्हणजे फूल, पण षष्ठीत फ्लोरिस. राडिक्सचे राडिकिस, सेमेनचे सेमिनिस. बहुतेक पाठ्यपुस्तके इथे कोष्टक देऊन मोकळी होतात. मी कोष्टकाआधी मराठीच उलगडते. भाऊ, पण भावाला. विहीर, पण विहिरीत. ऊस, पण उसाचा. प्रत्यय लागण्याआधी शब्दाचे जे सामान्यरूप होते ते आपण न शिकता वापरतो. लॅटिनमधले अंग साधारण तेच काम करते, आणि ते षष्ठीत उघडे पडते. म्हणून चांगला लॅटिन शब्दकोश प्रत्येक नामाची प्रथमा आणि षष्ठी जोडीने देतो. माझा आग्रह असा की नाम पाठ करायचे ते जोडीनेच: फ्लोस-फ्लोरिस, राडिक्स-राडिकिस. मोठ्याने म्हणायचे. रामः रामौ रामाः मोठ्याने म्हणूनच पिढ्यानपिढ्या टिकले, आणि पाठांतराला कमी लेखणाऱ्यांशी मी या बाबतीत अजिबात सहमत नाही. फक्त सगळी कोष्टके एकदम नकोत. प्रथमा, षष्ठी आणि पंचमी, एकवचन आणि अनेकवचन, एवढ्यावर वनस्पतींच्या वर्णनाचा मोठा भाग वाचता येतो.

पंचमीबद्दल सविस्तर सांगायला हवे, कारण या वर्णनांची सगळी मदार तिच्यावर आहे. लॅटिनची पंचमी आपल्या पंचमीपेक्षा बरीच मोठी. तिने जुन्या तृतीयेचे काम पोटात घेतले, सप्तमीचेही बरेचसे घेतले. ‘हेर्बा फोलिइस ओवातिस, फ्लोरिबुस आल्बिस’ याचा अर्थ अंडाकृती पानांची, पांढऱ्या फुलांची वनस्पती. ही पाने, ही फुले पंचमीत आहेत, आणि त्यांच्यामुळे वनस्पती ओळखली जाते. पाणिनीने ‘इत्थंभूतलक्षणे’ या सूत्रात तृतीयेला हेच काम दिले आहे: जटांवरून तापस ओळखावा, तसे लक्षण तृतीयेत सांगायचे. संस्कृत शिकलेल्या विद्यार्थ्याला हे सूत्र आठवले की लॅटिन वर्णनाची अख्खी घडण एका क्षणात कळते. फ्लोरिबुसमधला ‘बुस’ही परका नाही. संस्कृतातल्या चतुर्थी-पंचमीच्या अनेकवचनातला ‘भ्यः’ त्याचा सख्खा भाऊ, आणि लॅटिनमध्येही ही दोन रूपे अनेकवचनात सारखीच.

वर्गासाठी मी एक वाक्य रचले आहे. खऱ्या जातीचे नाही, सरावाचे: ‘स्पेसिएस आरिसेमाती मुर्रायी आफिनिस, सेद फोलिओलिस आंगुस्तिओरिबुस, स्पाथा विरिदी दिफेर्त.’ पहिला अडसर आरिसेमाती. विद्यार्थी सूचीत शोधतो आणि त्याला सापडत नाही, कारण सूचीत अरिसिमा आहे आणि हे त्याच्या लपलेल्या अंगाला लागलेले चतुर्थीचे रूप आहे. आफिनिस, म्हणजे जवळची, ही चतुर्थी मागते. मुर्रायीला हात लावायचा नाही, ती षष्ठी आहे आणि जिथे जाईल तिथे तशीच राहील. मग फोलिओलिस आंगुस्तिओरिबुस. एकाच्या शेवटी ‘इस’, दुसऱ्याच्या शेवटी ‘इबुस’, म्हणून पुष्कळांना हे दोन शब्द एकमेकांचे वाटत नाहीत. गण वेगळे असल्यामुळे प्रत्यय वेगळे दिसतात. विभक्ती आणि वचन एकच. अर्थ: अधिक अरुंद पर्णिकांनी. सर्वांत सुंदर जागा मला स्पाथा विरिदी वाटते. स्पाथा म्हणजे सापकांद्याच्या फुलोऱ्यावरचा फणा. छापील अक्षरांत हे रूप प्रथमेचेही असू शकते, पंचमीचेही. रोमन माणूस पंचमीचा ‘आ’ दीर्घ उच्चारी, छपाईत तो फरक उरत नाही. पण शेजारचे विरिदी निःसंशय पंचमी आहे. विशेषणाने नामाची विभक्ती उघड केली. शेवटी दिफेर्त, वेगळी ठरते. वाक्यातले एकुलते क्रियापद, आणि आपल्या मराठीसारखेच अगदी अखेरीस. अरिसिमा मुर्रायीचा फणा पांढरा असतो, म्हणून हिरव्या फण्याची गोष्ट इथे भेद म्हणून आली. हे सगळे अंदाजाने वाचणाऱ्याने ‘मुर्रायीला अरुंद पर्णिका आणि हिरवा फणा आहे’ असे टिपून ठेवले तर त्याने दोन जातींची अदलाबदल केली. शेतात, पावसात, भिंग हातात असताना अशी चूक फार महाग पडते.

क्रियापदांची रूपे मी मुद्दाम मागे ठेवते. शाळेतल्या लॅटिनची सुरुवात ‘प्रेम करणे’ या क्रियापदाने होते, आणि ज्याला सीझर वाचायचा आहे त्याच्यासाठी ते योग्यच आहे. पण वनस्पतींच्या वर्णनात कित्येक ओळी क्रियापदाशिवाय जातात, आणि पहिल्याच महिन्यात काळ आणि अर्थ यांच्या जंगलात शिरलेला माणूस सहसा परत येत नाही.

नामे, विशेषणे आणि पंचमी पक्की झाली की मी ‘होर्तुस मलाबारिकुस’ची पाने काढते. डच अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर तयार करवलेला हा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला. लिनियसने १७५३ च्या ग्रंथात त्याचा आधार घेतला. पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन वैद्यांचे कोकणीतले प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले आहे. लॅटिनच्या पानांमध्ये नागरी अक्षरे समोर आली की वर्गात एकदम कुजबुज सुरू होते. ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद यायला २००३ साल उजाडले. तो कालिकत विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्यातली कित्येक वर्षे खर्चून केला. भाषा आणि झाडे दोन्ही ज्याला येतात त्यानेच करावे असे ते काम होते, आणि त्यांनी ते केले याबद्दल माझ्या मनात अपार कृतज्ञता आहे.

वर्गात आम्ही आधी अनुवाद मिटून ठेवतो. एका वर्णनातल्या फक्त पंचम्या पेन्सिलीने अधोरेखित करायच्या, मग प्रत्येक पंचमीचे विशेषण शोधून दोघांना रेघेने जोडायचे. पान भरले की अनुवाद उघडून ताडून बघायचे. वर्णनांपर्यंत हे जमते. प्रस्तावनेकडे वळलो की पूर्ण वाक्ये लागतात, लांबलचक, क्रियापदांनी भरलेली, आणि तिथे आम्ही काळांचे पहिले कोष्टक फळ्यावर काढतो.