एकटें राहण्याचा धडा

दिवाळीच्या सुट्टीच्या आरंभीं दोन महिन्यांचें एक गांवठी पिलूं आम्हीं घरीं आणिलें. संध्याकाळीं सर्वजण बाजारास निघालों, तों त्यानें दाराआड असा आक्रोश मांडिला कीं, शेजारच्या आजारी आजीबाईंस अंथरुणांत उठून बसावें लागलें. सुट्टी संपल्यावर तर घरास रोज कुलूप लागणार! तोंवर पिलूं शांत राहावयास न शिकल्यास तें दुसऱ्यास द्यावयाचें, असें ठरलें. मुलांचीं तोंडें उतरलीं.

अशा रडण्यास हट्ट समजून पुष्कळ लोक छडी उगारतात. परंतु पिलूं रडतें तें भीतीनें. जन्मापासून तें आई-भावंडांच्या उबेंत निजलेलें असतें. गेलेलें माणूस परत येतें, हें त्यास कोणीं शिकविलेलें नसतें. माराने भीति वाढते, घटत नाहीं.

म्हणून आम्हीं घरांतच शाळा भरविली. प्रथम दार लोटून दहा अंक मोजावे आणि पिलूं रडूं लागण्यापूर्वींच परत यावें. मग एक मिनिट, पांच मिनिटें, अर्धा तास. जातांना लाड नाहींत, येतांना गलबला नाहीं. सोबतीस चघळावयाला दोरीची गांठ व मुलाचा न धुतलेला सदरा ठेविला.

चावीचा खुळखुळाट होतांच तें घाबरे. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह (१९०४ चें नोबेल पारितोषिक) यांच्या प्रयोगशाळेंतील कुत्र्यांच्या तोंडास, अन्न आणणाऱ्याच्या नुसत्या चाहुलीनें पाणी सुटे. खुणेचा अर्थ असा संवयीनें जडतो, तसाच तो संवयीनें पुसतांही येतो. आम्ही दिवसांतून अनेकदां चावी उचलून पुन्हां खुर्चीवरच बसूं लागलों. चार-पांच दिवसांत पिलूं त्या आवाजाकडे ढुंकूनही पाहीना.

शाळा उघडली त्या दिवशीं आजीबाई म्हणाल्या, “थोडें कुंईकुंई केलें हो, मग निजलें असावें.” पिलूं घरींच राहिलें. मात्र एवढ्या लहान जीवास दिवसभर कोंडून ठेवणें बरें नव्हे. म्हणून मधल्या सुट्टींत मुलगा येऊन त्यास अंगणांत नेतो.

विद्यार्थीमित्रांनो, जून महिन्यांत बालवर्गाच्या दाराशीं रडणारीं मुलें तुम्हीं पाहिलींच आहेत. “घंटा झाली कीं येतें” असें सांगून आई खरोखर घंटेला येते, तेव्हांच त्यांचें रडें ओसरतें. पिलास आपले शब्द कळत नाहींत. आपण परत येतों कीं नाहीं, एवढेंच तें पाहतें. एकटें राहण्याचें धैर्य दुसऱ्याच्या खरेपणावर उभें असतें.